मागच्या रांगेतल्या यमुताई

यमुताई बोलायला लागल्या की वस्तीतली कुत्रीसुद्धा गप्प बसतात, असं त्यांचे यजमान गिरिधरराव म्हणायचे. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. पण त्याच यमुताई गायला लागल्या की गिरिधरराव हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे. लग्न इतकं जुनं झाल्यावरही जो नवरा बायकोच्या गाण्यासाठी वर्तमानपत्र खाली ठेवतो, त्याच्या मताला किंमत द्यायलाच हवी.

आवाज होताच तसा. महाल भागातल्या माहेरी वडील पहाटे पेटी काढून बसायचे आणि शेजारी डोळे चोळत परकरातली यमू. वडील कोर्टात कारकून, पण जीव सगळा भजनात. "देवाजवळ सगळं असतं यमे, एक गळा तेवढा नसतो. तो आपण द्यायचा," असं ते म्हणत. पोरीने ते वाक्य पदराशी बांधलं ते कायमचं. पुढे लग्न झालं, सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी नोकरी लागली, मुलगी झाली. तिचं नाव हौसेने मधुवंती ठेवलं. मधुवंतीला सा आणि रे यांतला फरक आजतागायत कळलेला नाही आणि ती हैदराबादला सुखाने नांदते आहे, हा भाग वेगळा.

निवृत्तीनंतर नवराबायको मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये, नव्या वस्तीत, घर बांधून राहायला आली आणि यमुताईंनी तिथल्या मंदिरात बायकांचं भजन मंडळ सुरू केलं. मंदिर मारुतीचं, पण एका बाजूला विठ्ठल-रखुमाईही बसवलेले होते, त्यामुळे काम भागत होतं. मंडळ कसलं, ऑफिसच ते. दुपारी चारला म्हणजे चारला. मुख्य ओळ यमुताईंनी म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून उचलायची. त्याला मंडळात ओळ धरणं म्हणत. कुणाचा सूर इकडेतिकडे झाला की यमुताईंचं बोट वर जायचं आणि सगळं जागच्या जागी बंद. मग त्या बाईकडे न बघता यमुताई म्हणायच्या, "पुन्हा." त्या बोटाला बायका घाबरत आणि घरी जाऊन त्याची नक्कलही करत. पण यायच्या मात्र सगळ्या, कारण यमुताई डोळे मिटून आलाप घ्यायच्या तेव्हा गॅसवर ठेवलेल्या कुकरचीसुद्धा आठवण राहत नसे.

या मंडळात रुखमाबाई आल्या त्या कुहीकडच्या एका खेड्यातून. नवरा गेल्यावर मुलगा अमोल त्यांना शहरात आपल्याकडे घेऊन आला होता. जन्म सगळा धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत गेलेला. या टोकाच्या बांधीतून त्या टोकाच्या बाईला हाक मारायची तर आवाज मोठा लागतो, सुरेल लागत नाही. रुखमाबाई भजनही त्याच हिशेबाने म्हणायच्या. पेटी एकीकडे, त्या भलतीकडे, आणि तेही सगळ्यांच्या वर. चेहरा मात्र असा फुललेला, की यमुताईंचं बोट वर जाता जाता अडायचं.

मग ती स्पर्धा आली. शहरभरच्या महिला भजन मंडळांची, मोठ्या हॉलमध्ये, परीक्षक वगैरे. बायकांनी एकसारख्या मोरपंखी साड्या घेतल्या. तालमीत रुखमाबाईंमुळे तीनदा गाडी रुळावरून घसरली, तेव्हा यमुताई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "रुखमाबाई, स्पर्धेपुरतं असं करा. तुम्ही फक्त टाळ धरा. म्हणू नका." बोलणं गोड होतं, त्यात अपमान करायचा हेतू अजिबात नव्हता. रुखमाबाई "बरं ताई" म्हणाल्या. ठेक्याला त्या पक्क्या होत्या. मंडळाला दुसरं बक्षीस मिळालं, ढाल मंदिरात लागली, पेढे वाटले.

पुढच्या बैठकीला रुखमाबाई टाळ घेऊन बसल्या आणि म्हणाल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही बैठकीला नाहीत. भजन सुरेल होऊ लागलं होतं, ते का, याचा विचार कुणी केला नाही. वर्षं गेली. नव्या आलेल्या बायकांना वाटे, या बाई टाळवाल्याच.

मग यमुताईंच्या गळ्याला गाठ झाली. आधी त्यांनी ती लपवली, मग गिरिधररावांनी पाहिली, मग तपासण्या झाल्या. गाठ चांगली नव्हती. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, वाचवायचा प्रयत्न करू, पण शब्द देत नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला, नस गेली.

शुद्धीवर आल्यावर यमुताईंनी पाणी मागितलं आणि त्यांना वाटलं, खोलीत दुसरंच कुणीतरी बोललं. शब्द कमी आणि वारा जास्त. हळूहळू सुधारेल, म्हणून सदर भागातल्या एका बाईंकडे आवाजाचे व्यायाम शिकायला जाणं सुरू झालं. गिरिधरराव स्कूटरवरून न्यायचे, बाहेर बाकावर बसायचे आणि घरी आल्यावर स्वतःही आ, ई, ऊ करून दाखवायचे. बोलण्यापुरतं सुधारलंही. भाजीवाल्याला कळेल, फोनवर मधुवंतीला कळेल, इतपत. पण एक दिवस दार लावून यमुताईंनी सा लावून पाहिला. तो लागला नाही. पुन्हा पाहिला, तोंडातून नुसती हवा गेली. त्या तशाच पलंगावर बसून राहिल्या. गिरिधररावांनी दार वाजवलं तेव्हा त्यांनी इतकंच विचारलं, "मी वाचले कशाला हो?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी देवपूजा सोडली. गिरिधररावांना गंध उगाळण्यापलीकडे त्यातलं काही येत नव्हतं, पण ते बिचारे जमेल तशी करू लागले. फुलं उलटी वाहायचे. यमुताई स्वयंपाकघरातून बघायच्या आणि चूक दुरुस्त करायलाही उठायच्या नाहीत. राग साधा नव्हता. या गळ्यातून मी दुसरं काय केलं? सिनेमाची गाणी म्हटली? लोकांची निंदा केली? (ती थोडी केली होती, पण ते तेवढं धरायचं नसतं.) जे दिलं ते तुलाच दिलं आणि तू नेमकं तेच काढून घेतलंस. हात न्यायचा होता, पाय न्यायचा होता. रोज हेच. जेवताना, फोडणी घालताना, झोपताना तेच.

मंडळातल्या बायका मनाने वाईट नव्हत्या. पण चांगल्या माणसांच्या हातून होतात तशा चुका इतरांच्या हातून होत नाहीत. त्यांनी यमुताईंचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि त्यांना मंडळाचं मार्गदर्शक केल्याची घोषणा. पुढ्यात खुर्ची मांडली, भारतीय बैठक मोडून खुर्ची! आणि वंदना, जी इतकी वर्षं त्यांच्यामागे दुसऱ्या रांगेत असायची, तिने यमुताईंचीच गौळण सुरू केली, त्यांच्याच चालीत, मान देण्यासाठी. बरी म्हटली. यमुताई शाल पांघरून ऐकत होत्या आणि त्यांना वाटलं, माणूस गेल्यावर त्याच्या फोटोला असंच वाटत असेल. कडव्याच्या मध्येच त्या उठल्या, चपला घातल्या आणि घरी निघून आल्या. शाल गिरिधररावांच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता मी त्या देवळाची पायरी चढणार नाही."

गिरिधरराव घाबरले. बायकोचं नास्तिक होणं त्यांना चाललं असतं; पण ती त्या देवळावर जगत होती हे त्यांना माहीत होतं. तिथे जायचं बंद केल्यावर यमू आतून वाळत जाईल, अशी भीती त्यांना रोज वाटू लागली. वाळतही होत्या. जेवण कमी झालं. मधुवंती ये म्हणाली, गेल्या नाहीत. दुपारी चार वाजले की पंख्याकडे बघत पडून राहायच्या.

अशाच एका दुपारी रुखमाबाई आल्या. शेतावरच्या नव्या धानाचे पोहे आणले होते. ठेवले, पाणी प्याल्या आणि बसल्या. बाकीच्या बायका यायच्या त्या धीर द्यायच्या. कुणाच्या मावशीला असंच झालं होतं आणि ती कशी ठणठणीत झाली, ते सांगायच्या. रुखमाबाई काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने "येतो ताई" म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तशाच बसल्या. यमुताईंना आधी बरं वाटलं आणि मग त्याची चीड आली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्या आपल्या वाऱ्याच्या आवाजात फटकन म्हणाल्या, "रुखमाबाई, तुम्ही रोज काहून येऊन राहिल्या?"

"बोलवाले येतो," रुखमाबाई म्हणाल्या. "पहाटेचा काकडा सुरू झाला ना देवळात. तुमी नाई आल्या."

"काय करू येऊन? मला म्हणता येत नाही आता."

"मले तरी कुठी म्हनता येत होतं?"

टोमणा नव्हता तो. रुखमाबाईंनी नुसतं सांगितलं, आज भाजी महाग होती असं सांगावं तसं. पण यमुताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आठवायला त्यांना जरा वेळ लागला, आणि आठवायला वेळ लागला याचीच त्यांना आधी लाज वाटली.

"स्पर्धेच्या वेळी," त्या हळूच म्हणाल्या.

"हौ. तुमी म्हनलं, स्पर्धेपुरतं. मंग स्पर्धा झाली. मी वाट पाह्यली, का ताई आता म्हनतीन, म्हना रुखमाबाई. तुमी काई म्हनलं नाई. मले वाटलं, असंच असंन."

इतक्या वर्षांत त्या बाईच्या मिटलेल्या तोंडाकडे यमुताईंनी एकदाही पाहिलं नव्हतं. सूर बरोबर येतो आहे, एवढंच ऐकलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तुम्ही सोडून काहून नाही गेल्या?"

"गेली होती ना!" रुखमाबाई हसल्या. "पंधरा-वीस दिवस घरीच बसली. तुमच्या नावानं बोटं मोडली, खोटं काहून बोलू. अमोलले सांगतलं, गुडघा दुखून राह्यला. मंग घरात जीव लागे ना. आली परत. पयले पयले टाळ वाजवता वाजवता रडू ये. सारेजन देवाले काई ना काई देऊन राह्यले आन् मी रिकामी. मले वाटे, हा इठोबा माह्याकडं पाहत तरी असंन का."

"आणि मग?"

"मंग काई नाई. रोज बसली. बसता बसता एक दिवस ध्यानात आलं, का मी काईच देऊन नाई राह्यली, तरी मले कोनी उठवलं नाई. ना तुमी, ना त्यानं. त्या दिवसापासून हलकं वाटाले लागलं, ताई. धान्याचं पोतं उतरवल्यावानी." त्या उठल्या, पदर खोचला. "तुमी येजा. पहाटे थंडी असते, शाल घेऊन येजा."

त्या गेल्यावर यमुताई रडल्या. आवाज गेल्यापासून त्या पुष्कळदा रडल्या होत्या, पण ते स्वतःसाठी. आजचं निराळं होतं. आपल्या हातून एका बाईचं देवासमोरचं बोलणं काढून घेतलं गेलं आणि आपल्याला पत्ताही नव्हता. आपल्याकडून काढून घेतल्यावर आपण देवाशी अबोला धरला, आणि ही बाई टाळ घेऊन बसत राहिली. वडिलांचं ते वाक्य त्यांना आठवलं, देवाजवळ गळा नसतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, बाबांचं काहीतरी चुकलं होतं. देवाला गळा देणारे आपण कोण लागून गेलो होतो?

पण मनाला पटलं म्हणजे झालं, असं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधरराव पूजेला बसले तेव्हा त्या शेजारी पाट टाकून बसल्या. गिरिधररावांनी चमकून पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं काही विचारलं नाही. यमुताईंना शांत वगैरे काही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या. देवाकडे बघून डोक्यात राग तसाच उकळत होता. तरी त्या उठल्या नाहीत. आरती झाल्यावर फक्त म्हणाल्या, "अहो, फुलं देठाकडून वाहतात." गिरिधररावांना इतका आनंद झाला की त्यांनी ती पुन्हा उलटीच वाहिली.

मग एका पहाटे शाल घेऊन त्या देवळात गेल्या. वंदनाने लगबगीने पुढे खुर्ची आणली. यमुताईंनी ती स्वतः उचलून भिंतीला लावली आणि मागच्या रांगेत रुखमाबाईंजवळ खाली बसल्या. तिथून विठोबा अर्धाच दिसतो, अर्ध्यात खांब येतो. इतकी वर्षं या देवळात येऊन त्यांना हे माहीत नव्हतं. रुखमाबाईंनी त्यांच्या हातात टाळांची जोडी ठेवली. आता गंमत अशी, की यमुताईंनी जन्मात टाळ वाजवला नव्हता. त्या सुराच्या राणी, ठेका बाकीच्यांनी सांभाळायचा. पहिल्याच पदाला त्या पुढे पळाल्या. रुखमाबाईंनी कोपराने हलकेच ढोसलं, "हळू वं ताई, कोनी मागं लागलं नाई." पलीकडच्या दोघी हसल्या. यमुताईही हसल्या, आणि आपण हसलो याचं त्यांनाच नवल वाटलं.

त्या जात राहिल्या. दर पहाटे काही चमत्कार होत नव्हता. वंदनाचा सूर उतरला की यमुताईंचं बोट आपोआप वर जायचं, मग त्या ते मुठीत धरून ठेवायच्या. एखाद्या दिवशी सगळं पुन्हा दाटून यायचं आणि भजन संपेपर्यंत डोळे वाहायचे. पण हळूहळू एक बदल त्यांच्या लक्षात आला. पूर्वी गाताना त्यांना फक्त आपला आवाज ऐकू यायचा. आता बाकीच्यांचा येऊ लागला. कुणाचा श्वास अपुरा पडतो, कोण एका शब्दाशी दरवेळी थांबते, कोण आज आलीच नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये आपण नुसते बसलेलो आहोत आणि ते पुरतं आहे, असं क्वचित एखाद्या क्षणी वाटून जायचं. मग चहा व्हायचा आणि त्या घरी यायच्या. जेवण सुधारलं. गिरिधररावांनी मधुवंतीला फोन करून सांगितलं, "तुझी आई मला रागावली आज. मी केलेल्या भाजीत मीठ नव्हतं म्हणून."

एक गोष्ट मात्र यमुताईंच्या छातीवर तशीच होती, आणि रुखमाबाईंची एकांतात माफी मागून ती उतरणार नव्हती. ज्या मंडळात ते घडलं होतं, तिथेच ते सोडवायला हवं होतं. कार्तिक पौर्णिमेला काकड्याची समाप्ती. आजूबाजूच्या लेआउटची मंडळं येतात, काल्याचा प्रसाद असतो, माईक असतो. सगळ्या जमल्यावर वंदनाने पेटी ओढली, तोच यमुताई मागच्या रांगेतून उठून पुढे आल्या.

"आज पहिलं पद रुखमाबाई म्हणतील," त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक की माईक तोंडाशी धरावा लागला. वंदनाने वाकून कुजबुजत विनवलं, "ताई, आज नको ना. पाहुणे आहेत सगळे. उद्या आपण आपल्यातच..."

"आजच."

रुखमाबाई खांबाआड सरकल्या होत्या. "नाई ताई, नाई. माह्या गळ्यात काई नाई. लोक हासतीन."

यमुताई त्यांच्याकडे वळल्या. सगळं देऊळ ऐकत होतं, आणि त्यांना तसंच हवं होतं. "रुखमाबाई, मी तुम्हाला स्पर्धेपुरतं गप्प राहा म्हटलं होतं. ती स्पर्धा कधीच संपली. सांगायचं राहून गेलं माझ्याकडून. मला क्षमा करा आणि म्हणा."

मोरपंखी साड्यांच्या वेळच्या ज्या बायका होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रुखमाबाई उभ्या राहिल्या, पदराने तोंड पुसलं, माईककडे संशयाने पाहिलं आणि तो बाजूला सारला. मग त्यांनी दोन्ही डोळे मिटून असा आवाज लावला की देवळाबाहेरचा चहावाला आत डोकावला. सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीत नव्हता. वंदनाने इकडे बोट ठेवून पाहिलं, तिकडे ठेवून पाहिलं आणि हात मांडीवर घेतले. पहिली ओळ संपली. आता ती मागून धरायची. पण धरायची कुठे? बायका घुटमळल्या, पाहुण्या मंडळातून कुणाचं तरी हसू दाबलेलं ऐकू आलं. रुखमाबाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण टाळाचा कधी न चुकणारा ठेका चुकला.

यमुताईंना सूर कुठे चुकला आहे ते नेमकं कळत होतं. कान शाबूत होते त्यांचे. त्यांनी तो चुकलेला सूरच धरला, फाटक्या, वाऱ्याने भरलेल्या गळ्याने, रुखमाबाई जिथे होत्या तिथेच. घशात दुखलं, मध्ये आवाज दोनदा तुटला. तरी ओळ त्यांनी शेवटपर्यंत म्हटली, आणि रुखमाबाईंनी पुढची घेतली.